घरात कुणालाच नाही, मग मुलाला टाइप १ मधुमेह कसा झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या ७ वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेहाचं निदान झालं. हा आजार प्रतिकारशक्तीच्या जनुकांशी जोडलेला आहे, एवढं डॉक्टरांनी सांगितलं आणि तेव्हापासून तुमच्या मनात तीन गोष्टी घोळताहेत. दोन्ही घरांत कुणालाच हा आजार नसताना तो आमच्याकडून मुलाकडे गेला कसा? ३ वर्षांच्या धाकटीलाही तो होईल का? आणि तिची जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. जनुकं तुमच्याकडूनच गेली, कारण मुलाकडे दुसरीकडून यायला जागाच नसते; पण त्या जनुकांत आजार भरलेला नव्हता. धाकटीला हा मधुमेह न होण्याची शक्यता शंभरात सुमारे चौऱ्याण्णव आहे. आणि तिची काही तपासणी करायचीच असेल तर जनुकांची नको, रक्तातल्या अँटीबॉडींची करा.

मी वीसहून अधिक वर्षं मधुमेह असलेली मुलं तपासते आहे. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. पहिल्या भेटीत नाही; तेव्हा इंजेक्शन कसं द्यायचं यातच सगळे बुडालेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, मूल उंची-वजन करायला बाहेर गेलं की आई आवाज खाली आणून विचारते. त्या दोन मिनिटांत मला जे नीट सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिते.

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, शरीराच्याच टी पेशींकडून, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशींकडून, मारल्या जातात. गोड खाण्याचा, वजनाचा, लाडाकोडाचा यात काही संबंध नाही. प्रश्न असा की आपल्याच पेशी टी पेशींना परक्या का वाटाव्यात? त्याचं सर्वात मोठं उत्तर एचएलए नावाच्या जनुकांच्या गटात आहे. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ही जनुकं दाटीवाटीनं बसलेली आहेत. या मधुमेहाच्या आनुवंशिक जोखमीतला साधारण निम्मा वाटा एकट्या या पट्ट्याचा आहे. उरलेला निम्मा साठाहून अधिक ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्यातल्या एकेका जागेचा हातभार अगदी लहान.

एचएलए करतं काय, ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्या पेशी प्रथिनांचे सतत बारीक तुकडे करत असतात, स्वतःच्याही आणि बाहेरून आलेल्यांच्याही. एचएलएच्या रेणूला वरच्या बाजूला एक लांबट खाच असते. त्या खाचेत एक तुकडा धरायचा आणि पेशीच्या पृष्ठभागावर आणून टी पेशीला दाखवायचा, हे त्याचं काम. टी पेशीला सुटं प्रथिन ओळखता येत नाही. तिला खाचेत धरलेला तुकडाच दिसतो. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चं नोबेल मिळालं ते टी पेशी अशी दुहेरी ओळख पटवून घेतात हे शोधल्याबद्दल. ही खाच माणसामाणसांत वेगळी असते. किडनी किंवा बोन मॅरो देताना जो ‘मॅच’ बघतात तो याच जनुकांचा. ज्याची खाच वेगळी त्याच्या टी पेशींना दिसणारे तुकडे वेगळे. एखाद्याच्या खाचेत विषाणूचा तुकडा छान बसतो, एखाद्याच्या खाचेत इन्सुलिनचा तुकडा नको त्या पद्धतीनं बसतो.

ही ‘नको ती पद्धत’ जरा जवळून दाखवते, कारण मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सर्वात थक्क करणारा वाटतो. एचएलएमधला डीक्यू नावाचा रेणू दोन साखळ्यांचा असतो, अल्फा आणि बीटा. १९८७ साली जॉन टॉड, जॉन बेल आणि ह्यू मॅकडेविट यांनी दाखवून दिलं की बीटा साखळीतल्या ५७व्या जागेवर कोणतं अमिनो आम्ल बसलंय यावर या मधुमेहाचा धोका बराचसा ठरतो. तिथे ॲस्पार्टिक आम्ल असेल तर धोका कमी. त्याऐवजी ॲलानिन, व्हॅलिन किंवा सेरीन असेल तर जास्त. शेकडो अमिनो आम्लांच्या रेणूत एका जागेचा फरक! ॲस्पार्टिक आम्लावर ऋण भार असतो. समोरच्या अल्फा साखळीत ७६व्या जागेवर आर्जिनिन असतं, त्याच्यावर धन भार. ही दोघं एकमेकांना धरून राहतात आणि खाचेच्या टोकाला असलेल्या खळग्याचा आकार त्यानं ठरून जातो. ५७व्या जागेवर ॲलानिन आलं की आर्जिनिनला जोडीदार उरत नाही. मग तो खळगा ऋण भाराचे तुकडे स्वतःकडे ओढायला लागतो. स्वादुपिंडातल्या प्रथिनांचे काही तुकडे अशा खाचेत बसतात, आणि इन्सुलिनच्या बी साखळीतला ९ ते २३ हा तुकडा त्यांत सर्वात जास्त अभ्यासला गेलेला आहे. आपोआप मधुमेह होणारी उंदरांची एनओडी नावाची एक जात प्रयोगशाळांत वापरतात. त्या उंदरांच्या रेणूतही नेमक्या याच जागी ॲस्पार्टिक आम्ल नाही.

हा नियम सगळीकडे तंतोतंत लागू पडतो असं मात्र समजू नका. जपानमधल्या रुग्णांत जी डीक्यू रूपं जास्त सापडतात त्यांत ५७व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असतंच. म्हणजे खाचेचे बाकीचे कोपरेही महत्त्वाचे आहेत.

रिपोर्टवर तुम्हाला जी नावं दिसतील ती डीआर३ आणि डीआर४. डीआर हा एचएलएमधलाच आणखी एक रेणू. डीआर आणि डीक्यूची जनुकं शेजारी-शेजारी असल्यामुळे ती बहुधा जोडीनंच वारशात येतात: डीआर३ सोबत डीक्यू२, डीआर४ सोबत बहुतेक वेळा डीक्यू८. युरोपीय वंशाच्या रुग्ण मुलांत दहातल्या नवांकडे यातला किमान एक संच असतो. इतर वंशांत प्रमाण बदलतं. दक्षिण आशियाई रुग्णांत डीआर३ चं पारडं जड असतं. सर्वात जास्त धोका असतो तो दोन्ही संच एकत्र आलेल्या मुलांना, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. दोन धोक्यांची नुसती बेरीज करून जेवढा यावा त्यापेक्षा हा धोका जास्त भरतो. त्याचं कारण मोठं विलक्षण आहे. डीक्यूच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जनुकांवरून बनतात, त्यामुळे एका पालकाकडची अल्फा साखळी दुसऱ्या पालकाकडच्या बीटा साखळीशी जुळू शकते. त्यातून जो मिश्र रेणू तयार होतो तो आईकडेही नसतो आणि वडिलांकडेही नसतो. तो मुलातच पहिल्यांदा घडतो. ‘आमच्यापैकी कुणाकडून गेलं?’ या प्रश्नाला अशा वेळी उत्तरच नसतं.

आता याच मुलांचा आकडा बघा. घरात कुणालाही हा मधुमेह नाही आणि बाळाकडे डीआर३ आणि डीआर४ दोन्ही आहेत, म्हणजे सर्वात धोक्याची जोडी. अशा वीस मुलांतल्या साधारण एकाला लहानपणी टाइप १ मधुमेह होतो. एकोणीस जणांना होत नाही. हा आकडा मी पालकांना कागदावर वीस टिंबं काढून दाखवते. ‘सर्वाधिक धोक्याचं जनुक’ हे शब्द ऐकून डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते या वीस टिंबांशी जुळत नाही.

एचएलए फक्त धोका वाढवतं असंही नाही. डीआर१५ सोबत येणारा डीक्यू६ चा एक प्रकार या मधुमेहापासून जबरदस्त राखण करतो. युरोपीय वंशाच्या लोकांत पाचातल्या एकाकडे तो असतो, पण टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांत जेमतेम शंभरातल्या एकाकडे. दुसऱ्या बाजूला डीआर४ असला तरी ही राखण बरीचशी टिकते.

याच्या पुढचं जनुक सांगताना पालक हमखास चमकतात, कारण ते इन्सुलिनचंच जनुक आहे, अकराव्या गुणसूत्रावरचं. पण त्याचा इथला परिणाम स्वादुपिंडात न होता छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होतो. टी पेशी थायमसमध्ये तयार होतात आणि तिथेच त्यांची निवड होते. शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांची प्रथिनं थायमस थोडी-थोडी बनवतं आणि नवख्या टी पेशींना दाखवतं. जी टी पेशी स्वतःच्या प्रथिनावर जोरात झडप घालते तिला तिथेच संपवलं जातं. इन्सुलिनही असंच दाखवलं जातं. या जनुकाच्या अगदी आधी डीएनएची एक छोटी ओळ पुन्हा-पुन्हा आलेली असते, काहींत २६ ते ६३ वेळा, काहींत १४० हून जास्त वेळा. ज्यांच्याकडे लांब मालिका असते त्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिनचा संदेश दोन ते तीन पट जास्त बनतो. इन्सुलिनवर उठणाऱ्या टी पेशी त्यामुळे जास्त पकडल्या जातात आणि धोका साधारण निम्म्यावर येतो. मालिका आखूड असेल तर त्यातल्या काही टी पेशी निसटून रक्तात येतात. बहुतेक लोकांकडे आखूड मालिकाच असते, म्हणून एकटीनं ती काही बिघडवत नाही. पण निसटलेल्या टी पेशी आणि इन्सुलिनचा तुकडा नको तसा धरणारी डीक्यू८ ची खाच एकाच मुलात आली की घसरणीला जागा तयार होते.

टी पेशींना लगाम घालणारी जनुकं हा तिसरा भाग. पीटीपीएन२२ जनुकाच्या प्रथिनात ६२०व्या जागेवर एक बदल असतो. टाइप १ मधुमेहाशी त्याचं नातं २००४ साली समोर आलं. तोच बदल संधिवाताच्या रुमॅटॉइड प्रकारात आणि थायरॉइडच्या आजारातही सापडतो. सीटीएलए४ आणि आयएल२आरए ही त्याच जातकुळीतली. इतरांना आवर घालणाऱ्या टी पेशींचं मुख्य जनुक म्हणजे फॉक्सपी३. ते पूर्ण बिघडलं तर बाळाला जन्मानंतर काही दिवसांतच मधुमेह, जुलाब, त्वचेचा दाह असं सगळं एकदम होऊ शकतं. तो अत्यंत दुर्मीळ आजार आहे आणि तुमच्या मुलाशी त्याचा संबंध नाही. पण आवर घालणाऱ्या पेशी नसतील तर काय होतं हे त्यानं उघड केलं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते याच पेशींच्या कामासाठी.

एका जनुकाबद्दल मी मुद्दाम थांबून सांगते, कारण ते ऐकल्यावर आईवडिलांच्या खांद्यांवरचं ओझं थोडं उतरताना मी पाहिलंय. त्याचं नाव आयएफआयएच१. पेशीत शिरलेल्या विषाणूचा आरएनए ओळखून धोक्याचा इशारा देणारं प्रथिन त्यावरून बनतं. २००९ साली असं आढळलं की ज्यांच्याकडे या जनुकाचे काही दुर्मीळ, काम मंदावणारे बदल असतात त्यांना टाइप १ मधुमेह कमी होतो. म्हणजे जनुक बिघडलेलं असणाऱ्यांना राखण आणि ते चोख काम करणाऱ्यांना धोका थोडा जास्त! हे प्रथिन ज्या विषाणूंवर नजर ठेवतं त्यांत एन्टेरोव्हायरसही येतात, आणि टेडी नावाच्या मोठ्या अभ्यासात बीटा पेशींवरचा हल्ला सुरू होण्याचं नातं याच विषाणूंच्या लांबलेल्या संसर्गाशी आढळलं. तेव्हा ‘आमची जनुकं खराब आहेत का?’ असं कुणी विचारलं की मी आयएफआयएच१ चं उदाहरण देते. तुमच्या मुलाकडची यातली बरीचशी जनुकं एरवी अतिशय तत्पर आहेत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. नव्यानं निदान झालेल्या मुलांत शंभरातल्या ८५ ते ९० जणांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार नसतो. म्हणजे ‘घरात कुणालाच नाही’ हाच इथला नेहमीचा प्रकार आहे. समजा वडिलांकडे डीआर३ आणि डीक्यू६ वाला राखण करणारा संच आहे, आणि आईकडे डीआर४ आणि दुसरा एखादा निरुपद्रवी संच. दोघांनाही बहुधा कधी काही होणार नाही. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक संच मिळतो. पहिल्या मुलाच्या वाट्याला डीआर३ आणि डीआर४ आले, दुसऱ्याच्या वाट्याला उरलेले दोन. एकाच आईबापाच्या पोटची दोन भावंडं धोक्याच्या दोन टोकांना गेली. कोणता संच कुणाकडे जाईल हे कुणाच्या खाण्यापिण्यानं, औषधानं, गरोदरपणातल्या चुकीनं ठरत नाही.

आणि धोक्याची सगळी जनुकं आली तरी आजार होतोच असं नाही. याचा सर्वात भक्कम पुरावा एकसारख्या जुळ्यांचा. त्यांची जनुकं अक्षरशः एक असतात, तरी एकाला टाइप १ मधुमेह झाल्यावर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत ३० ते ५० टक्के आलं आहे; वयाच्या साठीपर्यंत पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात ते ६५ टक्क्यांपर्यंत गेलं. शंभर टक्के कुठेच नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा दोन जुळ्या बहिणींतल्या एकीला पाचव्या वर्षी मधुमेह झाला. दुसरी आता कॉलेजात आहे आणि तिची साखर अजून नॉर्मल आहे. दोघींचे चेहरे इतके सारखे की फाइल उघडायच्या आधी मी अजूनही हातावरचा साखर मोजणारा सेन्सर शोधते.

बाकीचा भार परिस्थितीवर येतो. फिनलंडमधला करेलिया आणि सीमेपलीकडचा रशियातला करेलिया इथल्या लोकांचा एचएलएचा साचा बराचसा सारखा आहे, पण मुलांमधल्या टाइप १ मधुमेहाचं प्रमाण फिनलंडच्या बाजूला जवळपास सहापट भरलं. गेल्या काही दशकांत अनेक देशांत हा आजार वाढत चाललाय. दोन पिढ्यांत माणसाची जनुकं एवढी बदलत नाहीत. उलट नव्या रुग्णांत सर्वाधिक धोक्याच्या एचएलए जोडीचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी दिसतं, म्हणजे पूर्वी ज्यांना हा आजार झाला नसता अशा मध्यम धोक्याच्या मुलांनाही तो आता होतोय. विषाणू, आतड्यातले जिवाणू, बालपणी वजन वाढण्याचा वेग, अशा गोष्टींवर काम चालू आहे. ‘हे केलं नसतं तर झालं नसतं’ असं बोट दाखवण्याजोगं एकही कारण सापडलेलं नाही. लसींमुळे हा आजार होतो ही भीती बरेच पालक बोलून दाखवतात. मोठ्या अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही. धाकटीच्या लसी वेळेवर द्या.

धाकटीचा धोका आता आकड्यांत. सर्वसाधारण मुलांत हजारात चारेक जणांना टाइप १ मधुमेह होतो. भावंडाला असेल तर शंभरात साधारण सहा. आईला असेल तर मुलाला शंभरात दोन-तीन, वडिलांना असेल तर पाच-सहा. आईपेक्षा वडिलांकडून धोका जास्त का, याचं पूर्ण समाधानकारक स्पष्टीकरण आजही नाही. भावंडांचे ‘सहा’ ही सरासरी आहे. चारातल्या एका भावंडाला तुमच्या मुलासारखेच दोन्ही संच मिळतात, दोघांना एक, एकाला एकही नाही. दोन्ही संच तेच आणि ते डीआर३-डीआर४ असतील तर धोका खूप वर जातो, काही अभ्यासांत निम्म्याच्या आसपास. एकही संच सारखा नसेल तर तो पार खाली येतो.

हे वाचून ‘मग एचएलए तपासूनच घेऊया’ असं तुमच्या मनात येणार. घाई करू नका. काही वर्षांपूर्वी एक वडील धाकट्या मुलाचा एचएलए रिपोर्ट घेऊन आले. ‘डीआर४ पॉझिटिव्ह’ या शब्दांभोवती लाल पेनानं गोल केलेला होता. दीड महिना ते रोज रात्री झोपेत त्या मुलाचं बोट टोचून साखर बघत होते. त्या चार वर्षांच्या मुलाच्या बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके पडलेले होते आणि मी हात पुढे करताच त्यानं मुठी मिटल्या. त्याच्याकडे डीआर४ चा एकच संच होता, असे कितीतरी निरोगी लोक रस्त्यात रोज आपल्या शेजारून जातात. आम्ही त्याच्या अँटीबॉडी तपासल्या, एकही नव्हती. बोट टोचणं त्या दिवशी थांबलं. लॅबनं जे होतं तेच छापलं होतं, पण त्याचा अर्थ सांगायला समोर कुणी नव्हतं. जनुकांचा रिपोर्ट बदलत नाही, त्यावर उपचार नाही, आणि तो ‘होईल’ किंवा ‘नाही’ असं कधीच सांगत नाही.

जनुकीय तपासणी खरोखर उपयोगी पडते त्या जागा वेगळ्या आहेत. बाळाला वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झाला तर तो बहुधा टाइप १ नसतोच. एखाद्या एकाच जनुकातल्या बिघाडामुळे झालेला असतो आणि त्यातली काही बाळं इन्सुलिन सोडून गोळीवर नीट राहतात. तिथे तपासणी तातडीनं करावी. मोठ्या माणसात टाइप १ की टाइप २ असा घोळ असेल तर अनेक जनुकांची बेरीज करून काढलेला जोखीम-गुणांक मदत करतो; फक्त हे गुणांक बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले असल्यानं इतरांत ते जपून वाचावे लागतात. धाकट्या भावंडाची काळजी हे त्या तपासणीचं काम नव्हे.

त्यासाठी अँटीबॉडी. बीटा पेशींवर हल्ला सुरू झाला की लक्षणांच्या कित्येक महिने, बहुतेकदा वर्षं आधी रक्तात त्याच्या खुणा दिसतात. इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या चार प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी बघायच्या. सगळ्या निगेटिव्ह असतील तर उत्तम. पण ती आजची स्थिती असते, म्हणून वाढत्या वयात पुन्हा बघावं लागतं, किती अंतरानं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. एकच पॉझिटिव्ह असेल तर दहा वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के, आणि कधीकधी ती अँटीबॉडी पुढे नाहीशीही होते. दोन किंवा जास्त असतील तर दहा वर्षांत ७० टक्क्यांच्या आसपास, आणि पुढे आयुष्यात जवळपास सगळ्यांना. म्हणून दोन अँटीबॉडी आणि साखर नॉर्मल, या स्थितीलाच आता आजाराचा पहिला टप्पा म्हणतात. साखर थोडी बिघडू लागली की दुसरा, निदान होण्याइतकी वाढली की तिसरा. कोणतीही पॉझिटिव्ह तपासणी दुसऱ्या नमुन्यावर पक्की केल्याशिवाय मानू नका.

जनुकं इथेही दिसतात. टेडीमध्ये अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या चार लाखांहून अधिक नवजात बाळांची जनुकं तपासली गेली आणि धोक्याची एचएलए असलेल्या साडेआठ हजारांहून अधिक मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. डीआर४-डीक्यू८ वाल्या मुलांत पहिली अँटीबॉडी बहुधा इन्सुलिनविरुद्ध उगवते, आणि तीही नऊ महिने ते दोन वर्षं एवढ्या कोवळ्या वयात. डीआर३-डीक्यू२ वाल्यांत पहिली जीएडीविरुद्ध, जरा उशिरा. खाच बदलली की पहिलं लक्ष्यही बदलतं.

लवकर कळून फायदा काय, हा रास्त प्रश्न आहे. पहिला फायदा म्हणजे मूल कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून, अत्यवस्थ होऊन येत नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात २०१५ पासून लहान मुलांची अशी तपासणी केली गेली. आधीच ओळखलेल्या मुलांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत राहिलं, जिथे एरवी ते वीसच्या आसपास असतं. दुसरा फायदा टेप्लिझुमॅब या औषधाचा. दुसऱ्या टप्प्यातल्या, ८ वर्षं किंवा त्याहून मोठ्या रुग्णांसाठी अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १४ दिवस रोज शिरेतून दिलेल्या या औषधानं मूळ चाचणीत तिसरा टप्पा सरासरी दोन वर्षं लांबला. त्या चाचणीत डीआर४ असलेल्या आणि डीआर३ नसलेल्या रुग्णांना जास्त फायदा झालेला दिसला. पुढे कुणाला कोणतं औषध द्यायचं हे ठरवताना एचएलए कामाला येईल असं मला मनापासून वाटतं. दोन वर्षं थोडी वाटतील, पण चौथीतल्या मुलाऐवजी सहावीतलं मूल स्वतःचं इंजेक्शन समजून घेतं, हा फरक मी रोज बघते.

मोठ्याच्या बाबतीत एक आठवण करून देते. डीक्यू२ आणि डीक्यू८ याच खाचा सीलिॲक आजाराच्याही, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराच्याही, मुळाशी आहेत, आणि थायरॉइडवरचा हल्लाही याच घराण्यातला. त्याची दोन्ही रक्त तपासण्यांसाठी नोंद झाली आहे ना ते पुढच्या भेटीत विचारा. पोट दुखत नसलं तरी आणि उंची नीट वाढत असली तरी.

धाकटीसाठी एवढंच करा. मोठ्याच्या पुढच्या भेटीत तिलाही सोबत न्या आणि चारही अँटीबॉडी तपासून घ्या. रोज तिचं बोट टोचू नका, तिचं गोड बंद करू नका. पण ती एकाएकी फार पाणी मागू लागली, सवय सुटलेली असताना रात्री पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, खाऊनही बारीक दिसू लागली किंवा विनाकारण मलूल पडू लागली, तर रिपोर्ट काहीही असो, त्याच तासाला भावाच्या ग्लुकोमीटरवर तिची साखर बघा. २०० च्या वर आली तर सकाळची वाट न बघता तिला घेऊन दवाखाना गाठा.